एरंडेलवाला लॉर्ड : चार्ल्स वेकफिल्ड

'एरंडेल' हा शब्द ऐकल्यावर आपल्यापैकी बऱ्याच जणांचा चेहरा तसाच होतो, जसा तो चमचाभर प्यायल्यावर होतो. लहानपणी आजीनं नाक दाबून पाजलेलं ते चिकट, वासट तेल. पोट साफ! हॉस्टेलच्या मेसवर चार वर्षं काढल्यानंतर खरं तर कुणाला त्याची गरज पडू नये. पण तो विषय वेगळा.

आता गंमत बघा. गॅरेजच्या पाटीवर, रेसिंगच्या गाडीवर, मोटारसायकलवाल्याच्या टी-शर्टवर जे 'कॅस्ट्रॉल' हे नाव आपण रोज वाचतो, त्याच्या पोटात हेच एरंडेल लपलेलं आहे. एरंडेलाला इंग्रजीत म्हणतात कॅस्टर ऑइल. कॅस्टर आणि ऑइल, दोन्ही जोडून कॅस्ट्रॉल. हे तेल १९०९ साली बाजारात आणणारा माणूस म्हणजे चार्ल्स चीअर्स वेकफिल्ड. त्याच्या तेलावर विमानं उडाली, मोटारी धावल्या. पण मला त्याची आठवण ठेवावीशी वाटते ती बोटींसाठी. कारण तेल निवडणं म्हणजे नेमकं काय, आणि नुसतं तेल बरोबर निवडून भागतं का, हे दोन्ही प्रश्न त्याच्या आयुष्यात बोटींनीच विचारले.

आपल्याकडे इंजिन ऑइलचा विषय निघाला की चर्चा ठरलेली. ह्याचं तेल भारी की त्याचं भारी? रात्री दोनपर्यंत एरंडाचं गुऱ्हाळ चालतं आणि निष्पन्न काही होत नाही. कारण प्रश्नच चुकीचा असतो. सगळ्यात भारी असं तेल नसतंच. त्या इंजिनाला, त्या कामाला योग्य असं तेल असतं. वेकफिल्ड हे जाणत होता आणि त्यावरच तो लॉर्ड झाला.

वेकफिल्डचा जन्म १२ डिसेंबर १८५९ चा, लिव्हरपूलचा. लिव्हरपूल म्हणजे त्या काळचं इंग्लंडचं मोठं बंदर. वडील कस्टम खात्यात नोकरीला. घर खाऊन पिऊन सुखी, पण श्रीमंत वगैरे नाही. शिक्षण लिव्हरपूल इन्स्टिट्यूटमध्ये. नंतर हा गडी 'व्हॅक्यूम ऑइल' या अमेरिकन कंपनीत लागला आणि तिच्या कामासाठी देशोदेशी फिरला. आजच्या भाषेत सांगायचं तर मार्केटिंगचा माणूस. आपल्या कोअर ब्रँचवाल्यांना मार्केटिंगच्या जॉबचं वावडं असतं. प्लेसमेंटला अशी कंपनी आली की तोंडं वाकडी होतात. पण वेकफिल्डचं उदाहरण मला उलटं सांगतं. तेल विकणाऱ्याला इंजिनाच्या जवळ जावंच लागतं. यंत्र कुठे तापतं, कुठे अडतं, कुठे झिजतं हे गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकावं लागतं. हा माणूस कारखान्याच्या ऑफिसात बसून राहिला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

त्या काळातलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे रेल्वे. वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरला पूर्वी चरबी घालत. पण वाफेचं तापमान वाढलं की चरबीचं विघटन होऊन आम्लं तयार होतात आणि ती धातूलाच खातात. म्हणजे ज्याला राखण करायला ठेवलं तोच चोर! खनिज तेलं आली तशी ही अडचण कमी झाली, पण कुठल्या वाफेला कुठलं तेल हा प्रश्न राहिलाच.

याच काळात वंगणाचं शास्त्रही उभं राहत होतं. १८८३ च्या सुमारास ब्यूचँप टॉवर नावाचा इंग्रज इंजिनिअर रेल्वेच्या अ‍ॅक्सल बेअरिंगवर प्रयोग करत होता. त्यानं बेअरिंगला वरून एक भोक पाडलं, तर फिरत्या अ‍ॅक्सलवरचं तेल त्या भोकातून जोरानं वर यायला लागलं. त्यानं लाकडी बूच मारलं, तर तेलानं बूचही बाहेर ढकललं! म्हणजे फिरणारा शाफ्ट स्वतःच तेल ओढून घेतो, दाब तयार करतो आणि त्या तेलाच्या पडद्यावर तरंगतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं १८८६ साली याचं गणित मांडलं. हो, तोच रेनॉल्ड्स, ज्याच्या नंबरामुळे फ्लुइडच्या पेपरला आपले नंबर जातात. तो तेलाचा पडदा काही मायक्रॉन जाडीचा असतो, आपल्या केसापेक्षाही कितीतरी पातळ. तो टिकला तर धातूला धातू लागत नाही. तो फाटला तर इंजिन बसलं. तेल निवडणं म्हणजे शेवटी हा पडदा टिकवणं. पातळ तेल घेतलं तर गरम झाल्यावर पडदा फाटतो. फार जाड घेतलं तर थंडीत ते बेअरिंगपर्यंत वेळेवर पोचत नाही आणि ताकदही वाया जाते. दोन्हीकडून अडचण.

१८९९ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, वेकफिल्डनं चांगली नोकरी सोडली आणि लंडनच्या चीपसाइड भागात 'सी. सी. वेकफिल्ड अँड कंपनी' सुरू केली. जुन्या कंपनीतले आठ सहकारी त्याच्याबरोबर आले. आठ माणसं पक्की नोकरी सोडून एखाद्याच्या मागं जातात तेव्हा त्या माणसात काहीतरी असणारच. सुरुवात रेल्वे आणि अवजड यंत्रांच्या तेलापासून झाली. पण त्यानं नुसती पिंपं विकली नाहीत. तेल योग्य जागी, योग्य प्रमाणात पोचवणारे लुब्रिकेटरही त्याची कंपनी विकू लागली. इंजिनाच्याच हालचालीवर पंप चालायचा आणि सिलिंडरला मोजून तेल जायचं. वेकफिल्ड लुब्रिकेटर हे नाव वाफेच्या इंजिनांची आवड असलेल्या लोकांना आजही माहीत असतं. मला यातली दृष्टी आवडते. तेल कितीही उत्तम असो, ते पोचलंच नाही तर उपयोग काय?

विसाव्या शतकाची सुरुवात झाली आणि दोन नवी जनावरं बाजारात आली. मोटार आणि विमान. रेल्वेचं इंजिन हळू आणि दमदार. ही इंजिनं लहान, तापट आणि भरधाव. यांना हवं असलेलं तेल म्हणजे एक विरोधाभासच होता. थंड इंजिन सुरू करताना ते वाहतं राहिलं पाहिजे आणि इंजिन रसरसून तापलं की घट्टपणा टिकवून राहिलं पाहिजे. आज आपण दुकानात जाऊन १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० मागतो आणि हा प्रश्न सुटतो. तेव्हा मल्टिग्रेड नव्हतं, पॉलिमरचे अ‍ॅडिटिव्ह नव्हते. वेकफिल्डच्या माणसांनी शोधाशोध केली आणि उत्तर मिळालं ते औषधाच्या बाटलीत. एरंडेल!

एरंडेलात असं काय आहे? यातलं सुमारे ८५ ते ९० टक्के फॅटी अ‍ॅसिड एकाच जातीचं असतं, रिसिनोलिक अ‍ॅसिड. त्याच्या लांबलचक साखळीवर मध्येच एक हायड्रॉक्सिल गट बसलेला असतो. हा गट ध्रुवीय असल्यामुळे रेणू एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून तेल घट्ट. ४० अंश सेल्सिअसला त्याची व्हिस्कॉसिटी सुमारे २५० सेंटिस्टोक. आणि हेच रेणू धातूच्या पृष्ठभागालाही चिकटतात. दाब वाढून पडदा फाटायची वेळ आली तरी धातूवर एक पातळ थर चिकटून राहतो. ज्यांनी ट्रायबॉलॉजी इलेक्टिव्ह घेतलाय त्यांना बाउंड्री लुब्रिकेशन म्हणजे काय ते सांगायला नकोच. शिवाय एरंडेल पेट्रोलमध्ये सहजासहजी विरघळत नाही. हा गुण पुढे फार कामाला आला.

दोषही आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. एरंडेल हवेतल्या ऑक्सिजनमुळे आणि उष्णतेमुळे खराब होतं, त्याचा चिकट डिंक होऊन पिस्टनच्या रिंगा अडकतात. थंडीत ते फार घट्ट होतं. खनिज तेलात ते नीट मिसळतही नाही. म्हणून एरंडेलाचं रेसिंग ऑइल वापरायचं तर आधीचं खनिज तेल पूर्ण काढून टाकावं लागतं, नाहीतर गाळ तयार होतो. थोडक्यात, रोजच्या गाडीला ते त्रासाचं. पण शर्यत संपली की इंजिन उघडून साफ करायची तयारी असेल तर त्या काळात त्याला तोड नव्हती. एकाच तेलाला एका ठिकाणी शहाणं आणि दुसऱ्या ठिकाणी वेडं ठरवणारा फरक हा कामाचा असतो, तेलाचा नव्हे.

पहिल्या महायुद्धात याची परीक्षा झाली. तेव्हाच्या अनेक लढाऊ विमानांत रोटरी इंजिन असायचं. त्यात क्रँकशाफ्ट स्थिर आणि सगळे सिलिंडर गरागरा फिरत! पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच जायचं. खनिज तेल घातलं तर पेट्रोल ते धुऊन नेणार, म्हणून एरंडेल. वापरलेलं तेल पुन्हा टाकीत न येता बाहेर फेकलं जायचं आणि त्याचा फवारा बसायचा वैमानिकाच्या तोंडावर. त्याचे वैमानिकांच्या पोटावर काय परिणाम व्हायचे याचे किस्से विमानप्रेमी अजून चवीनं सांगतात. आपण जेवणाच्या टेबलावर ते सांगू नयेत. एवढं मात्र नोंदवतो की त्या काळी एरंडाचं बी मोठ्या प्रमाणात निर्यात करणारा देश आपलाच होता. आजही जगात सगळ्यात जास्त एरंड भारतात पिकतो, त्यातही गुजरातमध्ये.

युद्धाच्याच काळात, १९१५-१६ मध्ये, वेकफिल्ड लंडनचा लॉर्ड मेयर झाला. कस्टमवाल्याचा पोरगा लंडन शहराचा पहिला नागरिक! पुढे १९३० साली तो बॅरन झाला आणि १९३४ साली व्हायकाउंट.

पैसा आल्यावर माणूस काय करतो यावरून तो कळतो. वेकफिल्डनं पैसा वेगावर उधळला, असं त्या काळी कुणाला वाटलंही असेल. पण मला ते उधळणं वाटत नाही. तेल विकणाऱ्याची एक अडचण असते. त्याचा माल दिसत नाही. इंजिन चाललं तर श्रेय इंजिनाला, ड्रायव्हरला. बंद पडलं तर शिव्या तेलाला. वेकफिल्डनं ठरवलं की आपलं तेल जिथे बिघडायची शक्यता सगळ्यात जास्त, तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते घालायचं. विमानांच्या स्पर्धा, मोटारींच्या शर्यती, वेगाचे विक्रम, सगळीकडे कॅस्ट्रॉलचे झेंडे दिसायला लागले. आज क्रिकेटच्या मैदानावर जाहिराती बघून आपल्याला काही वाटत नाही. स्पॉन्सरशिपचा हा प्रकार रुजवणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत वेकफिल्डची कंपनी होती.

आणि त्यानं फक्त नावाजलेल्यांनाच मदत केली नाही. १९३० मध्ये अ‍ॅमी जॉन्सन नावाची, फारसा अनुभव नसलेली तरुणी एकटीनं इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला उडत जायचं म्हणत होती. तिच्या जुन्या जिप्सी मॉथ विमानाचा निम्मा खर्च वेकफिल्डनं उचलला, निम्मा तिच्या वडिलांनी. ५ मे १९३० ला ती क्रॉयडनहून निघाली. वाटेत कराची, झाशी, अलाहाबाद, कलकत्ता करत २४ मे ला डार्विनला उतरली. एकटीनं हा पल्ला गाठणारी पहिली स्त्री. छोटी मॉडेल विमानं करणाऱ्यांसाठीही त्यानं चषक दिला. रबराच्या पिळावर उडणाऱ्या मॉडेलांच्या स्पर्धेत 'वेकफिल्ड' हे नाव अजूनही घेतलं जातं. आपल्या एरोमॉडेलिंग क्लबच्या मंडळींनी टीप करून ठेवावं.

आता बोटींकडे येतो. आधी एक तांत्रिक गोष्ट, कारण ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मोटारीपेक्षा वेगवान बोटीचं इंजिन जास्त सोसतं. मोटार एकदा वेगात आली की थोड्या ताकदीवर पळत राहते. उतार लागला तर इंजिन आरामही करतं. पाण्यात उतार नसतो. बोट म्हणजे न संपणारा कसारा घाट! आरपीएम दुप्पट केले तर प्रोपेलरला साधारण आठपट ताकद लागते. त्यामुळे वेगवान बोटीचं इंजिन तासन्‌तास पूर्ण थ्रॉटलच्या आसपास चालतं. लाटेवरून बोट उडाली की प्रोपेलर क्षणभर हवेत फिरतो, भार एकदम जातो, आरपीएम एकदम चढतात. पुन्हा पाण्यात आपटला की सगळा भार एका दणक्यात बेअरिंगवर. बोटीचं नाक वर उचललेलं असल्यामुळे संपमधलं तेल मागे सरकतं. तेलात हवा घुसली तर त्याचा फेस होतो, आणि फेसाचा काही पडदा बनत नाही. वरून ओलावा आणि समुद्रात मीठ. एवढं सगळं त्या काही मायक्रॉनच्या पडद्यानं सोसायचं.

अशा ठिकाणी वेकफिल्डनं आपलं तेल आणि आपला पैसा लावला. सर हेन्री सीग्रेव्ह हा त्याचा गडी. पहिल्या महायुद्धातला वैमानिक आणि १९२३ ची फ्रेंच ग्रां प्री जिंकलेला. ११ मार्च १९२९ ला त्यानं अमेरिकेत डेटोनाच्या किनाऱ्यावर 'गोल्डन अ‍ॅरो' या मोटारीतून ताशी २३१.४५ मैलांचा, म्हणजे ३७२ किलोमीटरचा, विक्रम केला. त्याच महिन्यात मायामीला तो बोटीत बसला. बोट 'मिस इंग्लंड', इंजिन एकच, विमानाचं नेपियर लायन. समोर अमेरिकेचा गार वुड, वर्षानुवर्षं न हरलेला पाण्यावरचा दादा. पहिल्या फेरीत वुडचं स्टिअरिंग मोडलं आणि सीग्रेव्हनं गुणांवर शर्यत जिंकली.

मग वेकफिल्डनं 'मिस इंग्लंड दोन' बांधून घेतली. फ्रेड कूपरचा आराखडा, साँडर्स-रो कंपनीचं बांधकाम आणि आत रोल्स-रॉइसची दोन 'आर' इंजिनं. हे आर इंजिन श्नायडर ट्रॉफीच्या सीप्लेन शर्यतींसाठी केलेलं. बारा सिलिंडर, सुमारे ३७ लिटर. एका इंजिनाची ताकद दीड हजार अश्वशक्तीच्या वर! आयुष्य मात्र थोडक्या तासांचं. तेल अर्थातच वेकफिल्डचं.

१३ जून १९३०, शुक्रवार. इंग्लंडमधलं विंडरमियर सरोवर. बोटीत तिघे. सीग्रेव्ह, रोल्स-रॉइसचा इंजिनिअर व्हिक्टर हॅलिवेल आणि मायकेल विलकॉक्स. दोन फेऱ्या झाल्या. सरासरी ताशी ९८.७६ मैल, म्हणजे जवळजवळ १५९ किलोमीटर. गार वुडचा विक्रम मोडला होता. दोन्ही इंजिनं ठीक. बेअरिंगं ठीक. तेलानं आपलं काम चोख केलं होतं. शंभर मैल हातभर अंतरावर होते. सीग्रेव्हनं तिसऱ्या फेरीसाठी बोट वळवली.

त्या फेरीत बोट उलटली. पाण्यात तरंगत असलेला लाकडाचा तुकडा तळाला लागून तळ फाटला, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. हॅलिवेल बुडून गेला. विलकॉक्स वाचला. सीग्रेव्हला बाहेर काढलं तेव्हा तो बेशुद्ध होता. थोडी शुद्ध आली तेव्हा त्यानं आपल्या सोबत्यांची आणि विक्रमाची चौकशी केली, आणि काही वेळातच तो गेला. वय अवघं ३३.

मला या घटनेनं बराच विचार करायला लावला. आपण इंजिनिअर लोक एकेक भाग घेऊन बसतो. इंजिन माझं, हल तुझा, तेल त्याचं. प्रत्येकाचा भाग बरोबर असतो आणि तरी बोट बुडते. इथे ३७ लिटरची दोन इंजिनं टिकली, काही मायक्रॉनचा पडदा टिकला आणि एका ओंडक्यानं दोन माणसं नेली. सरोवराचं पाणीसुद्धा डिझाइनचाच भाग होतं. आणि हॅलिवेल! सीग्रेव्हचं नाव घेणारे खूप आहेत, त्याच्या पत्नीनं सुरू केलेली सीग्रेव्ह ट्रॉफी आहे. पण इंजिन सांभाळायला आत बसलेल्या इंजिनिअरचं नाव किती जणांना माहीत असतं? निदान आपल्या मासिकात तरी ते असू दे.

वेकफिल्ड थांबू शकला असता. त्यानं बोट वर काढून दुरुस्त करून घेतली. हे धाडस म्हणायचं की हट्ट, यावर दोन मतं होऊ शकतात, माझीही होतात. के डॉन नावाच्या रेसरनं १९३१ च्या एप्रिलमध्ये अर्जेंटिनात याच बोटीतून ताशी १०३.४९ मैल गाठले आणि जुलैमध्ये इटलीच्या गार्डा सरोवरावर ११०.२२. सप्टेंबरमध्ये डेट्रॉइटला हार्म्सवर्थ ट्रॉफीच्या शर्यतीत वळणावर बोट पुन्हा उलटली; या वेळी माणसं वाचली. मग 'मिस इंग्लंड तीन' आली, थॉर्निक्रॉफ्टनं बांधलेली. १८ जुलै १९३२ ला स्कॉटलंडच्या लॉक लोमंडवर ११९.८१ मैल. दोनच महिन्यांत गार वुडनं चार पॅकार्ड इंजिनं लावून १२४.८६ मैल करून विक्रम परत नेला. असा हा खेळ.

आता कुणी विचारेल, की आजच्या वेगवान बोटीला मग कुठलं तेल घालायचं? एरंडेल? नाही! त्याचा जमाना गेला. आता सिंथेटिक आलं, अ‍ॅडिटिव्ह आले. पण वेकफिल्डचे प्रश्न तेच आहेत आणि ते आपल्या कोकण किनाऱ्यालाही लागू आहेत, कारण आउटबोर्ड मशीनच्या होड्या आपल्याकडेही भरपूर आहेत.

पहिला प्रश्न, इंजिन कुठलं? टू-स्ट्रोक आउटबोर्ड असेल तर टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं तेल. आपल्यापैकी कुणाकडे जुनी आरएक्स हंड्रेड असेल तर तिचं टू-टी ऑइल आउटबोर्डला चालेल असं वाटतं. चालत नाही. मोटारसायकलचं इंजिन हवेवर थंड होतं, जास्त तापतं. त्या तेलात राख सोडणारे अ‍ॅडिटिव्ह असतात. आउटबोर्ड पाण्यावर थंड होतं, त्याला राख न होणारं तेल हवं. नाहीतर प्लगवर आणि पिस्टनवर थर जमतात. फोर-स्ट्रोक आउटबोर्ड असेल तर एफसी-डब्ल्यू दर्जा बघायचा. त्यात गंज रोखण्याची चाचणी असते, जी मोटारीच्या तेलाला नसते.

दुसरा प्रश्न, ग्रेड कुठला? बोट सतत जोरात चालते म्हणून पेट्रोलच्या ताकदवान इनबोर्ड इंजिनांना उत्पादक बऱ्याचदा मोटारीपेक्षा घट्ट ग्रेड सांगतात, २५डब्ल्यू-४० सारखा. पण स्वतःच्या डोक्यानं अजून घट्ट घालायचं नाही. ऑइल पंप आणि बेअरिंगमधली फट ज्या ग्रेडसाठी ठरवली आहे तोच ग्रेड. मॅन्युअल वाचायचं. हो, मॅन्युअल. आपण ते वर्कशॉप प्रॅक्टिकलला जसं वाचतो तसं नाही, खरोखर.

तिसरा प्रश्न, बोट किती दिवस उभी असते? समुद्राच्या पाण्यावर इंजिन थंड राहतं, थोडं जास्तच थंड. त्यामुळे न जळलेलं पेट्रोल आणि ओलावा तेलात उतरतो आणि उडून जात नाही. बोट नुसती बांधून ठेवली तरी तेल खराब होतं. म्हणून पावसाळ्यात बोट वर ओढण्याआधी तेल बदलायचं, नंतर नाही. नाहीतर आंबट झालेलं जुनं तेल चार महिने बेअरिंग खात बसतं. डिपस्टिकवर दुधाळ चहाच्या रंगाचं तेल दिसलं तर समजायचं, पाणी आत शिरलंय. मग कितीही महागडं तेल ओतून उपयोग नाही. आधी गळती शोधा.

खाडीत, समुद्रात मशीन बंद पडणं म्हणजे रस्त्याच्या कडेला गाडी लावणं नव्हे. तिथे ढकलस्टार्ट नसतो. वारा आणि भरती-ओहोटी तुम्हाला विचारत नाहीत. तेलाच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला लागणारी दोन मिनिटं इतकी महाग नाहीत.

वेकफिल्डनं बोटींना दिलेला पैसा फक्त विक्रमात गेला नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हाइथ नावाचं गाव आहे, तिथे त्याचं घर होतं. १९३६ साली त्यानं तिथल्या जीवरक्षक दलाला एक लाइफबोट दिली आणि तिला पत्नीचं नाव मिळालं, 'व्हायकाउंटेस वेकफिल्ड'. वेगाचा विक्रम नाही, फक्त बुडणारी माणसं काढायची. १९४० च्या मे महिन्याच्या शेवटी डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेल्या सैनिकांना आणायला नौदलानं लाइफबोटी मागवल्या. हाइथच्या नावाड्यानं शंका काढली, की एवढी जड बोट वाळूवर नेऊन लावली तर ती परत पाण्यात ढकलायची कशी? नौदलानं बोट आपल्या ताब्यात घेतली आणि आपल्या माणसांनिशी नेली. ती वाळूवर गेली आणि परत आली नाही. डंकर्कला गेलेल्या लाइफबोटींपैकी कायमची गेलेली ती एकच. तिथेही घात इंजिनानं केला नाही. किनारा ओळखणाऱ्याचं ऐकलं गेलं नाही.

त्यानंतर आठ महिन्यांच्या आत, १५ जानेवारी १९४१ ला, वेकफिल्ड गेला. वय ८१. लंडनवर तेव्हा बाँब पडत होते आणि आकाशात लढणारी मर्लिन इंजिनं आर इंजिन बनवणाऱ्याच रोल्स-रॉइसची होती. पदवी पुढे चालवायला मुलगा नव्हता, ती त्याच्याबरोबर संपली. १९६० साली कंपनीच्या नावातून वेकफिल्ड हे नावही गेलं, उरलं ते कॅस्ट्रॉल. स्वतःचं नाव मागे पडून मालाचं नाव राहिलं. विक्रेत्याला यापेक्षा मोठं यश काय हवं?

तो शास्त्रज्ञ नव्हता. त्यानं सूत्र मांडलं नाही की थिअरी दिली नाही, त्यामुळे आपल्या पुस्तकात तो येणार नाही आणि परीक्षेलाही नाही. पण रेनॉल्ड्सचं समीकरण सोडवणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याच्याकडून एक गोष्ट घेता येईल. कुठलंही यंत्र पुढ्यात आलं की सर्वात भारी काय हे विचारण्याआधी, हे यंत्र दिवसभर काय सोसतं, कुठे आणि कुणाच्या हाती, हे विचारायचं. आणि ज्याचा हात रोज त्या यंत्राला, त्या पाण्याला लागतो, त्याचं आधी ऐकायचं.

बाकी मेसच्या जेवणावर आजीचा उपाय अजूनही चालतो. त्याला मात्र ग्रेड बघावा लागत नाही!